बरंय, तक्रार नाही

विस्कॉन्सिनच्या आमच्या या टोकाला 'कसं काय?' या प्रश्नाचं उत्तर एकच. 'बरंय, तक्रार नाही.' गेल्या हिवाळ्यात गावातल्या ऑर्विलचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला, तेव्हा अँब्युलन्समधल्या पोरीलाही त्याने हेच ऐकवलं. दुखणं बोलून दाखवणं म्हणजे इथे चारचौघांत पायजमा सोडण्यासारखं. माणसं भली आहेत, पण या एका बाबतीत त्यांच्यापुढे कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

कर्स्टिन याच मातीतली. चीजच्या कारखान्यात चाळीस पौंडांचे ठोकळे खोक्यात भरायची, अगदी पोट पुढे येऊन टेबलाला टेकेपर्यंत. बाळंतपणाच्या रजेत पगार असा नव्हताच. कारखान्याचा अपंगत्व विमा होता, त्यातून सहा आठवडे काहीबाही मिळायचं. सासूने, मार्लिसने, हे ऐकून नाक मुरडलं होतं.

"बाळंतपणाला अपंगत्व म्हणतात होय? मग मी चार वेळा पांगळी झाले म्हणायची. आणि चारही वेळा आठवड्याच्या आत गोठ्यात होते."

मुलगी झाली. एल्सी. धडधाकट. चर्चच्या बायकांनी बटाटा-खिम्याचे भाजलेले ट्रे आणून फ्रीजर भरून टाकला. प्रत्येक ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव, परत करताना घोळ नको म्हणून. कर्स्टिन एकेक ट्रे गरम करायची, खायची, घासून ठेवायची. मुलीला पाजायची, पुसायची, कपडे बदलायची. सगळं वेळच्या वेळी, पण आत काही हलत नव्हतं. एकदा ती वॉशिंग मशीनपाशी भिंतीकडे बघत उभी होती आणि पाळण्यात पोर टाहो फोडत होतं. कुणाचं आहे, बघा रे कुणीतरी, असं तिच्या मनात आलं. ती जागची हलली नाही. शेवटी अंगणातला बर्फ उपसायचा सोडून मार्लिस आत आली आणि तिने पोरीला उचललं.

डॉक्टर व्हँगबाईंना तिने सांगितलं, तेही त्यांनी खोदून खोदून विचारल्यावर.

"हा आजार आहे, कर्स्टिन," त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतर होतो. औषध घ्यायचं, आणि एवढ्यात कामावर जायचं नाही. मी विमा कंपनीला रजा वाढवायला सांगते. त्यांची नर्स फोन करेल. तिला हेच सांग, जे मला सांगितलंस."

नर्सचा फोन आला. पॅम नाव, आवाज गोड.

"कशा आहात?"

"बरंय. तक्रार नाही."

"झोप लागते?"

"लागते की, मिळेल तेवढी."

"बाळाचं सगळं करता?"

"करते."

"वजन उचलता येतं?"

"हो, कधीचंच."

दोनच दिवसांत कंपनीचा निरोप आला: सोमवारपासून कामाला हरकत नाही, पैसे बंद. व्हँगबाईंनी भांडून आणखी एक फोन मिळवला. गुरुवारी. त्यानंतर मात्र ठरेल ते कायम. कर्स्टिनचा नवरा ब्रेट दुधाचा टँकर चालवतो. "नीट सांग हं," एवढंच म्हणून तो निघून गेला. तोही त्याच मातीतला, करणार काय.

कर्स्टिनला कामाची भीती नव्हती. सोमवारी ती गेली असती, ठोकळे उचलले असते, आणि उचलता येतात म्हटल्यावर तिला पुन्हा कुणी काही विचारलं नसतं. ती कायमची अशीच राहिली असती. हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

गुरुवारी मार्लिस सिंकपाशी परत करायचे ट्रे घासत होती. एल्सी मांडीवर होती, म्हणून कर्स्टिनने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला.

"आज कशा आहात?" पॅम म्हणाली.

"बरंय," कर्स्टिन म्हणाली. "तक्रार..."

मार्लिसने नळ बंद केला. "बरं नाहीये तिला."

"कोण बोलतंय?"

"सासू. पोर रडतं आणि ही भिंतीकडे बघत उभी राहते. लिहून घ्या."

"बाई, मला हे त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल."

मार्लिसने हात एप्रनला पुसले, खुर्ची ओढली आणि एल्सीला स्वतःकडे घेतलं. "सांग तिला," ती म्हणाली. "मला काय लाजतेस? मी काय चर्चची बाई आहे?"

"आहातच की."

"मग आज नाहीये."

कर्स्टिन फोनकडे बघत बोलू लागली, सामानाची यादी वाचावी तशी, सपाट.

"ती रडली की शेजारच्या घरात कुणी रडतंय असं वाटतं. मी जाते, कारण जायचं असतं. कधी जात नाही. ती नसती तरी चाललं असतं असं वाटतं. मी नसते तरी."

पलीकडचा टाइप करण्याचा आवाज थांबला. "आत्ता तुम्ही एकट्या नाही ना?" पॅमने विचारलं. आवाजातला गोडवा गेला होता, आणि असा आवाज बरा वाटत होता.

"नाही. मार्लिस आहेत."

"त्यांना म्हणावं, आजच डॉक्टरांकडे घेऊन जा. मी आत्ता तिकडे फोन करते. तुमची रजा मी बंद करत नाहीये."

फोन ठेवल्यावर रडू येईल असं कर्स्टिनला वाटलं होतं. आलं नाही. एल्सी आजीच्या बोटाला धरून झोपली होती.

"भिंतीकडे बघणं म्हणजे बरं नसणं, हे तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"माझी भिंत गोठ्यातली होती."

"किती दिवस होतं तसं?"

मार्लिसने एल्सीचं टोपडं सारखं केलं. बराच वेळ केलं.

"ब्रेट शाळेत जाईपर्यंत," ती म्हणाली. "कुणी विचारलं असतं तरी मी बरंय म्हणाले असते. चल, कोट घाल."