व्हॉल्व्ह गेलाय, माणूस पाठवा

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर आहे आणि भंगारात जायला मी साफ नकार दिलाय. रेकॉर्डवरचं बारीक गाणं मोठं करून स्पीकरला पोचवायचं, हे माझं काम. डोक्यावर काचेचे चार व्हॉल्व्ह, छोट्या बाटल्यांसारखे. चालू केलं की लालसर उजेड पडतो आणि अंग तापतं. घरचं मांजर उबेला येऊन चिकटतं. गाण्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

एका रेडिओ मेकॅनिकनं मला जेवणाच्या टेबलावर जोडलं. त्याची बायको म्हणायची, "ताट कुठे ठेवू, या डब्याच्या डोक्यावर?" डबा हे माझं पहिलं नाव. पुढे मेकॅनिक थकला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात आलो.

तिथे माझ्या आताच्या मालकीणबाई, काकू आल्या, सोबत त्यांचे दीर. दिरांना शेजारचा चकचकीत, काटे हलणाऱ्या दोन तबकड्यांचा ॲम्प्लिफायर आवडला.

दुकानदार म्हणाला, "त्याला नवा व्हॉल्व्ह घातला की दर वेळी मीटर लावून जुळवावं लागतं. हा साधा डबा आपला आपण जुळवून घेतो."

"आपला आपण जुळवून घेतो?" काकूंनी दिराकडे बघितलं. "मग घरात असा एक तरी हवाच."

चिडून भाऊजींनी तो काटेवाला स्वतःसाठी घेतला. वर अट घातली, "वहिनी, हा बंद पडला की थेट भंगारात. कबूल?"

"कबूल," काकू म्हणाल्या. मला कोण विचारतंय.

काही वर्षं मजेत गेली. मी वाजायचो, काकू इस्त्री करायच्या. मध्येच कुणी माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. मी फुलं अशी शेकली की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही.

मग एका दुपारी माझा उजवा स्पीकर खरखरायला लागला. काकूंनी दिरांना फोन केला, "भाऊजी, व्हॉल्व्ह गेलाय. लवकर माणूस पाठवा."

माणूस आला. हातात भलामोठा पाना.

"काकू, कुठे गळतंय?"

"गळत नाही, खरखरतंय. उजवीकडे."

तो भिंत चाचपायला लागला. "इथे पाइपच नाही की."

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. प्लंबरनं मला बघितलं, पाना खाली ठेवला आणि भाऊजींना फोन लावला. "साहेब, पाण्याचा नाही, गाण्याचा व्हॉल्व्ह आहे."

भाऊजी मला न्यायला गोणी घेऊनच निघाले.

इकडे काकूंना मला विकताना दुकानदारानं सांगितलेली युक्ती आठवली. प्लग काढला, मला गार होऊ दिलं, मग फडक्यानं धरून उजवीकडचा एक आणि डावीकडचा त्याचा जोडीदार असे दोन व्हॉल्व्ह सरळ वर उपसले आणि अदलाबदल करून बसवले. चालू केलं, तर खरखर डावीकडे गेली. म्हणजे दोषी तोच, उजवीकडून डावीकडे गेलेला. पुन्हा प्लग काढून, गार करून, त्याच्या जागी दुकानदारानं तेव्हाच सोबत दिलेला, ड्रॉवरमधला नवा बसवला. मी आपलं आपण जुळवून घेतलं आणि गायला लागलो.

"एवढंच?" प्लंबर म्हणाला. "आमच्यात भिंत फोडावी लागते."

भाऊजी दारात आले तेव्हा तो खुर्चीत बसून ऐकत होता. "साहेब, हळू. गाणं चालू आहे."

"भाऊजी, तुमचा काटेवाला कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"दुरुस्तीला गेलाय."

"अजून?"

भाऊजी गोणी विसरून गेले.

तर मित्रांनो, वस्तू घेताना चकचकाट बघू नका, दुखलंखुपलं तर ती घरच्या घरी बरी होईल का ते विचारा. माझी धूळ पुसा, हवा लागू द्या. फक्त माझं पोट उघडू नका, प्लग काढला तरी तिथे करंट दबा धरून असतो. तिथे मेकॅनिकच हवा.

आता काकूंनी फोन केला की प्लंबर आधी विचारतो, "पाण्याचा की गाण्याचा?"

"गाण्याचा माझा मी बघते," काकू म्हणतात.

ती गोणी अजून माझ्या शेजारीच आहे. तिच्यात मांजर झोपतं.