मोकळी हवा

लेच्चुमननने सेन्सरचे आकडे दाखवणारा छोटा काळा डबा बॅटरीला जोडला तेव्हा त्याला फक्त एवढंच बघायचं होतं, की सेन्सर जिवंत आहे की इंजिनाबरोबर तोही गेला. हाफिझुद्दीनची गाडी बारा दिवस गॅरेजच्या कोपऱ्यात बोनेट उघडं टाकून उभी होती. तिच्याकडे पाठ करून काम करायची त्याला सवय लागली होती.

हाफिझुद्दीनने गाडीला टर्बो बसवला होता, पण कंपनीचा कॉम्प्युटर त्याला तसाच हवा होता. एसी चालला पाहिजे, गिअर नीट पडले पाहिजेत, बायकोला कामावर सोडता आलं पाहिजे. गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या कंपनीच्या सेन्सरला दोनच गोष्टी कळतात, पेट्रोल जास्त किंवा पेट्रोल कमी. नवा सेन्सर किती जास्त, किती कमी तेही सांगतो, आणि डबा कंपनीच्या कॉम्प्युटरला मात्र जुन्याच दोन शब्दांत निरोप धाडतो. अख्ख्या इपोह शहरात ही जोडणी धड करणारे दोघं-तिघंच, आणि त्यांत लेच्चुमननचं नाव पहिलं. असं निदान तो स्वतः तरी म्हणायचा.

सेन्सर दारात, उन्हात, तारेवर लोंबत होता. मोकळ्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, इथे मेंगलेंबूत काय आणि आणखी कुठे काय. डबा अठ्ठावीस दाखवत होता.

त्याने वायर काढून पुन्हा जोडली. अठ्ठावीस.

मग त्याला सेन्सर बसवला तो दिवस आठवला. नवा सेन्सर लावण्याआधी त्याला स्वच्छ हवा दाखवावी लागते. ही हवा एकवीस, असं डबा मनाशी धरून चालतो. लेच्चुमनन हे वीस वर्षं लोकांना बजावत आला होता. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, शटर अर्धं खाली होतं, आत कुणाची तरी व्हॅन तासभर धूर ओकत चालू होती. बाहेर छपराखाली जायला दहा पावलं. त्याची कंबर दुखत होती. त्याने सेन्सर व्हॅनमागच्या बाकावरच धरला आणि बटण दाबलं.

डब्याने धुरालाच चांगली हवा मानलं, आणि त्याची सगळी मापं फुगली: कमी ते फार कमी, जास्त ते फार जास्त. टर्बोची गाडी पळवताना पेट्रोल मुद्दाम थोडं जास्त ठेवतात; ते आहे त्यापेक्षाही जास्त दिसत राहिलं, आणि लेच्चुमननने कॉम्प्युटरमध्ये शिरून ते मोठ्या आत्मविश्वासाने कमी केलं. पेट्रोल कमी पडून इंजिन आतून तापत गेलं, आणि तिसऱ्या आठवड्यात पिस्टन वितळला.

हे एवढंच असतं तर ठीक होतं. पण इंजिन बांधलं होतं कोक वेंगने. वय बहात्तर, हात थोडे थरथरणारे, आणि लेच्चुमननला हे काम शिकवणारा माणूस. इंजिन उघडलं तेव्हा हाफिझुद्दीनने विचारलं होतं, "अण्णे, कुणाची चूक?" आणि लेच्चुमनन म्हणाला होता, "पिस्टनच्या रिंगचं अंतर कमी राहिलं असेल. म्हातारा माणूस, काय बोलणार." कोक वेंग शेजारीच उभा होता. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. संध्याकाळपर्यंत गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळं खापर म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातांवर फुटलं होतं.

लेच्चुमननने शटर ओढलं आणि तो चालत निघाला. स्कूटर तशीच दारात राहिली.

कोक वेंगच्या वर्कशॉपला कुलूप होतं. तो समोरच्या कोपीतियाममध्ये, त्या जुन्या कॉफीच्या दुकानात, काळ्या कॉफीसमोर बसून शेंगा सोलत होता.

"वेंग गो," त्याने नेहमीसारखी थोरल्या भावाची हाक मारली, "बंद का?"

"सिलिंडर कातायचं मशीन विकलं परवा. बस. शेंगा खा."

लेच्चुमनन बसला. 

"सेन्सर मी धुरात सेट केला होता," तो म्हणाला. "चूक माझी होती. तुझं इंजिन बरोबर होतं."

कोक वेंगने एक शेंग फोडली, फुंकर मारून सालं उडवली. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"रिंग अडकली तर पिस्टनचा काठ तुटतो रे. वितळत नाही. चाळीस वर्षं बघतोय." त्याने मान वर केली. "आणि लेच्चु, हे मीच तुला शिकवलंय."

लेच्चुमननला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण ते खरं होतं. पिस्टन हातात घेतला तेव्हाच आत कुठेतरी त्याला कळलं होतं, आणि कळून घ्यायचा त्याला कंटाळा आला होता.

"मग तिथेच का नाही बोललास?"

"तुझ्या तोंडून यायला पाहिजे होतं. तीन दिवस वाट बघितली. दुकान उघडून नुसता बसायचो, आता येईल, मग येईल. चौथ्या दिवशी उठावंसंच वाटेना." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "चिडलो नाही. थकलो."

लेच्चुमननने तिथेच फोन काढला आणि हाफिझुद्दीनला लावला. सगळं सांगितलं, धूर, व्हॅन, दहा पावलं. 

"ग्रुपवर मी स्वतः लिहितो," लेच्चुमनन म्हणाला. "इंजिन माझ्या खर्चाने करून देतो."

"ते बघू नंतर," हाफिझुद्दीनचा आवाज उतरला होता. "मी अंकलना काय काय बोललो ग्रुपवर... पण इंजिन त्यांनीच बांधायचं हं, अण्णे. दुसऱ्या कुणाकडे नको."

लेच्चुमननने टेबलापलीकडे बघितलं. कोक वेंगला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. त्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि पुढची शेंग उचलली.

"ते आता काम करत नाहीत," लेच्चुमनन म्हणाला.

"का? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," तो म्हणाला. "काम सोडलं ते माझ्यामुळे."