सौम्याची तिसरी शिफ्ट

श्रद्धाने डाव्या हाताने लॅपटॉप उघडला. उजव्या हातावर सौम्या दूध पीत होती. एका बोटाने तिने टाइप केलं: ११.४०, चौदा मिनिटं. शेवटचा रकाना रिकामा ठेवला. तिथे झोप लिहायची की रडणं, ते सौम्या ठरवणार होती.

सौम्या झोपली. श्रद्धाने ‘झोप’ लिहिलं आणि तिला अलगद गोधडीवर ठेवलं.

अडीच महिन्यांच्या सौम्याचं वजन तीन आठवडे जागचं हललं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती; नाहीतर पावडरीचं दूध. त्यात वाईट काही नाही, हे श्रद्धाला कळत होतं. तरी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर ती बाळाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधत कितीतरी वेळ उभी होती.

बाळंतपणाच्या रजेआधी ती उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, क्वालिटीला होती. खराब निघालेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, आकडे ‘आर’ या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे आणि चूक कुठल्या शिफ्टला होते ते शोधायचं, हे तिचं काम. पंधरा दिवसांपूर्वी तिने सौम्याच्या नोंदी सुरू केल्या. रोजची बेरीज मांडली की रेघ सपाट यायची, काही बोलायचीच नाही. आज तिने दिवस बाजूला ठेवले आणि तास धरले, शिफ्ट धरतात तसे. तीन ओळी लिहून एंटर दाबलं.

पडद्यावर डोंगर उभा राहिला.

“जांबोटीचा घाट काढलास व्हय गं?” मागे सासूबाई, राजमती, धुतलेल्या दुपट्यांचा ढीग घेऊन उभ्या होत्या.

“रडण्याचा आहे, आई. पाजून झाल्यावर कुठल्या वेळेला किती रडते, ते.”

“वृषभ एवढा रडला, त्येचा नकाशा कुणी काढला न्हाय.” वृषभ म्हणजे श्रद्धाचा नवरा. राजमतींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “हितनं चढाय लागलंय. किती वाजल्यात हितं?”

“रात्रीचे आठ.”

“आणि शेंडा?”

“पहाटे पाच. मग उतरतं. माझा नाष्टा झाला की.”

बोलून गेल्यावर श्रद्धाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. फौंड्रीत अशा वेळी ती विचारायची, या शिफ्टला मशिनला काय कमी पडतं? इथे मशीन तीच होती.

“दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी, असं नसतं हं,” ती घाईने म्हणाली.

“मी कुठं काय म्हटलं?” राजमती घड्या घालू लागल्या. “दिवस मावळल्यावर तू काय खातीस?”

“साडेपाचला तुमच्याबरोबर जेवते की.”

“आणि मग?”

“मग सकाळीच.”

“पाणी?”

श्रद्धाने झोपलेल्या सौम्याचं पांघरूण उगाच सारखं केलं. “तुम्ही घेत नाही, आई. तुमच्यासमोर मी कसं घेऊ?”

राजमतींचे हात थांबले. “आणि मला वाटलं, तूच नेम धरलाईस. शेजारच्या गुणाबाईला सांगूनबी आले, आमची सून एवढी शिकलीया, पण सूर्य मावळला की पाण्याला शिवत न्हाय.”

त्या अर्धवट घडी तशीच उचलून आत गेल्या.

संध्याकाळी रोजच्यासारखं जेवण झालं. राजमतींनी चूळ भरली, माळ घेतली. एकदा दिवस मावळला की जैनांच्या नेमाप्रमाणे त्या काही खात-पीत नसत, गॅसलाही हात लावत नसत. वृषभ उशिरा आला तर स्वतःच गरम करून घ्यायचा.

साडेसातला स्वयंपाकघरात लायटरचा आवाज झाला. श्रद्धा उठून गेली. राजमती पातेल्यात नाचणीची पेज ढवळत होत्या.

“आई, द्या, मी करते.”

“बस जा. पोर उठंल.”

त्यांनी वाटी आणि पाण्याचा तांब्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवला. घड्याळाकडे पाहिलं. “लिही. साडेसात. एक वाटी पेज, एक तांब्या पाणी.”

“याला रकाना नाहीये, आई.”

“मग काढ की. सोमवारपातुर रोज लिहू.”

श्रद्धाने नवा रकाना उघडला. त्याला नाव काय द्यावं, या विचारात तिची बोटं कळफलकावर थांबली.

“आदी पी,” राजमती म्हणाल्या. “नाव मागनं दे.”