ॲन्ड्रियाची डोरोथी

व्हॅलेंटाइन मूळचा वसईच्या पाचूबंदरचा. वडिलांची मासेमारीची बोट होती, पण त्यांनीच त्याला शिकवून त्या धंद्यातून बाहेर काढलं. सिडनीत तो लिफ्ट दुरुस्त करायचा. समुद्राकडे परत ओढून नेलं ते नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने, ॲन्ड्रियाने.

"डॅडी, चल ना. आजोबांच्या बोटीसारखीच आहे. प्लीज!"

बंदराजवळच्या यार्डात 'डोरोथी' उभी होती. मूळची मासेमारीची लाकडी बोट. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीने ती घेतली, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तोफ बसवली आणि जाळ्याऐवजी जाड तार ओढत समुद्रात पेरलेले सुरुंग काढायला पाठवली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा मासळीला लागली. आता काही व्हॉलंटियर्स तिची डागडुजी करत होते. दर शनिवारी बापलेक क्वेकर्स हिलच्या घरून ट्रेनने जायचे. तो फळ्यांच्या फटी बुजवायचा, ती मागून रंग देत यायची. दोघांची तोंडं अखंड चालू.

मग ॲन्ड्रियाला ल्युकेमिया झाला. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या ती विचारायची, "डेक झाला?" उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

व्हॅलेंटाइन यार्डात जातच राहिला. मिल्ड्रेड, त्याची बायको, एकदा भडकली. "पोरीच्या कबरीवर यायला तुला होत नाही. त्या लाकडांसाठी बरा वेळ मिळतो!"

शनिवारी तो पुन्हा यार्डात गेला.

यंदा तपासणीत बोटीचा तळ कुजलेला निघाला. यार्ड सांभाळणारा रिकी म्हणाला, "सॉरी, अंकल. तोडावी लागेल."

तोडायच्या दिवशी मिल्ड्रेड आपणहून त्याच्याबरोबर निघाली. मशीनचा पंजा वर उचलला गेला, तसा व्हॅलेंटाइन ओरडत पुढे धावला, "थांबा!" ड्रायव्हरने मशीन बंद केलं. व्हॅलेंटाइन बोटीच्या कुशीला दोन्ही हात टेकून उभा राहिला.

मिल्ड्रेड जवळ आली. "काय झालं?"

"हा रंग तिचा आहे. कबरीवर मला काही सुचत नाही गं. इथे ती बोलायची."

"काय बोलायची?"

त्याने सांगितलं. लेकीला आवडलेला एक मुलगा, तिच्या बॉसची नक्कल, आईच्या हातचं डुकराचं मटण. मिल्ड्रेडला यातलं बरंच नवं होतं. ती ऐकत होती आणि रडत होती. कोणी घाई केली नाही.

शेवटी तीच त्याला बाजूला घेऊन गेली. पहिली फळी मोडली तेव्हा व्हॅलेंटाइनने तोंड फिरवलं. मिल्ड्रेड मात्र बोट पुरती तुटेपर्यंत बघत राहिली.