नानांची शोकसभा

माघातली संध्याकाळ म्हटलं, की मला वडिलांचा घसा खाकरण्याचा आवाज ऐकू येतो. कापसाची वेचणी संपून रानात उभ्या राहिलेल्या काळ्या पऱ्हाट्या, त्यांच्यातून सळसळत येणारा कोरडा वारा, आणि चितेच्या धगीपासून जरा लांब, हात मागे बांधून उभे असलेले नाना. आधी खाकरणं, मग क्षणभर शांतता आणि मग तो संथ, खर्जातला स्वर. आमच्याकडे चिता पेटली की तिथंच शोकसभा होते. आणि फुलसावंगीपासून ढाणकीपर्यंत कुणीही गेलं, तरी बोलायला नानांनाच नेत.

मॅट्रिकच्या शिदोरीवर या माणसानं बरंच काही होऊन पाहिलं. एकदा पंचायत समितीवर निवडून आले. पुढच्या खेपेला स्वतःच्याच मोहल्ल्यानं पाठ फिरवली. मग महागावात बियाण्यांचं दुकान थाटलं. पण ऐन हंगामात गिऱ्हाइकाला “हे वाण तुह्या जमिनीत येनार नाही” असं सांगून परत पाठवणाऱ्याचं दुकान किती दिवस चालणार! शेवटी लेखणी हाती धरली. साप्ताहिकात सदर लिहिलं, कथांचं एक पुस्तक काढलं. त्याच्या प्रती अजून आमच्या पलंगाखाली आहेत. प्रत्येक वाटेवर ते मनापासून चालले आणि थकून परतले. राजकारणात कमावलेला आवाज आणि लेखनानं दिलेले शब्द शोकसभेत कामी यायचे. दुकानानं काही दिलं असलं, तर ते मला कधी सापडलं नाही.

गेल्या वर्षी, निवडणुकीत त्यांना पाडणारे गृहस्थ वारले. नाना त्यांच्याही चितेपाशी बोलून आले, नेहमीसारखं चांगलंच बोलले. घरी येऊन ओसरीवर टेकले आणि बराच वेळ पायातली चप्पलसुद्धा काढली नाही. कलत्या उन्हात त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसत होता.

“माह्या वेळी कोनाले बोलू देऊ नोको, बाई,” ते म्हणाले.

“काहून, नाना?”

“मेलेल्या मानसाले ‘असं नव्हतं’ म्हनता येत नाही. मीच सगळ्यायले गोड करून ठेवलं. मले तसं गोड व्हायचं नाही.”

मी हो म्हटलं, पण मन मानेना. हयातीत ज्यांना कुणी धड बरं म्हटलं नाही, त्यांच्याबद्दल एकदा तरी भर सभेत चार चांगले शब्द कानी पडावेत, ही माझी भूक होती. ती त्यांच्या इच्छेहून लहान होती, असं मला आजही वाटत नाही.

यंदाच्या माघात नाना गेले. भन्तेजींनी वंदना घेतली, मग अग्नी दिला गेला. जमलेल्यांपैकी काहींच्या हातात भाषणाच्या कागदांच्या घड्या दिसत होत्या. त्यांतलं एखादं तरी ऐकावं म्हणून माझा जीव तुटत होता. तरी मी पुढं झाले आणि म्हटलं, “नानायनं सांगून ठेवलं हाये, कोनी बोलू नका.”

मग सगळ्यांचीच पंचाईत झाली. आमच्याकडे शेवटचं भाषण होऊन दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलं, की माणसं घराकडे वळतात. भाषणंच नाहीत, तर निघायचं केव्हा, हे कुणाला कळेना. आधी सगळे उभेच राहिले. मग कुणी बांधावर टेकलं, कुणी दगडावर, कुणी सरळ मातीत. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. लाकडांच्या तडतडण्याखेरीज आवाज उरला नाही. निखाऱ्यांवर राख धरू लागली, तरी मंडळी जागची हलली नव्हती.

नानांच्या निवडणुकीच्या सभेत माणसं इतका वेळ कधी थांबली नव्हती. मला हवे होते ते शब्द मिळाले नाहीत, आणि तो सल जाणार नाही. दिवस पुढं सरकतात तशी ती संध्याकाळ मात्र तिथंच बसून राहिली आहे; आठवू गेलं तर एकही वाक्य आठवत नाही, फक्त उठायचं विसरलेली माणसं दिसतात, आणि नाना नाहीत, हे मला तेव्हा कळतं.