चौथं बोट

कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत धाकटी सकाळपासून मेणात दात बसवत होती, पण मोकळ्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर सारखी नाचत होती.

"अगं, दात बसवतेयस की वाजवतेयस?" शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

धाकटी हसली. बोटं काही थांबली नाहीत.

पंचेचाळिशी उलटल्यावर तिने पियानोची शिकवणी लावली होती. लहानपणी बाबांनी फक्त ताईला घातलं, तेही पाचव्या वर्षी. "एकीचं मार्गी लागू दे, मग दुसरीचं बघू," म्हणाले, आणि दुसरीचं बघायचं राहूनच गेलं. धाकटी दाराआड उभी राहून ऐकायची. लग्न झाल्यावर ताईने पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. शेवटी तो धाकटीने उचलून आपल्या घरी आणला.

आता आठ महिने ती एकाच ओळीवर अडली होती. भरधाव ओळ. करंगळीशेजारचं चौथं बोट वेळेवर उठायचंच नाही. केसाएवढा फरक ओळखणारा तिचा हात इथे लाकूड व्हायचा.

रविवारी ताई आली. पियानोवरचं सुरावटीचं पान सहज बघितलं, बसली, दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा ओळ झरझर वाजवून मोकळी झाली.

"वीस वर्षांत हात लावला नव्हतास ना?"

"नाही गं. बोटांना आठवतं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या जागी मला घातलं असतं तर?"

"तर मी सुटले असते," ताई म्हणाली. "मला गाणं कधी ऐकूच आलं नाही. चुकलं की नाही, तेवढंच ऐकायचे मी."

दुसऱ्या दिवशी धाकटीने शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. "खरं सांगा. ही ओळ खऱ्या वेगात मला कधी जमेल का?"

बाईंनी तिची बोटं एकेक करून उचलून पाहिली. "नाही. लहानपणी सुरू केलं असतंत तर कदाचित. तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. चौथ्याऐवजी तिसरं बोट घ्या, वेग अर्धा करा."

"म्हणजे लंगडत वाजवायचं?"

"म्हणजे वाजवायचं," बाई म्हणाल्या.

तीन दिवस तिने पियानोकडे पाठ फिरवली. कपाटं उपसली, पडदे धुतले, नवऱ्यावर विनाकारण डाफरली. "एकदाचं वाजव बाई," तो वैतागून म्हणाला, "नाहीतर भिंती खरवडायला घेशील."

चौथ्या दिवशी कामावरून येऊन ती चपलांसकट पियानोपुढे बसली. बाईंनी सुरुवातीला पानावर लिहिलेले बोटांचे आकडे खोडले, चौथ्याच्या जागी तिसरं धरून पेन्सिलीने आपले लिहिले. अर्ध्या वेगात निघाली. तिसरं बोट ओढून न्यावं लागत होतं, मनगट दुखत होतं. पण ओळ पहिल्यांदाच न तुटता शेवटापर्यंत गेली.

मनासारखी झाली का? छे. मधल्या दोन सुरांवर जरा थांबायला हवं होतं. ते थांबणं तिला स्वच्छ ऐकू येत होतं, बोटांतून मात्र निसटत होतं. तिने घाम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.