हसीनाबीची पाटी आणि आवळलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची पाटी आहे. आज माझ्यात लसूण वाळत पडतो आणि कोंबड्या मला खुशाल टोचतात. पण एके काळी बेंबळी गावात माझ्याइतका मान पाटलाच्या फेट्यालाही नव्हता, असे मी तरी समजत असे.

भूम गावच्या एका बुरडाने मला विणले. तिथल्या बाजारात बांगडीवाल्या हसीनाबीने मला उचलले, तळाशी जुनी ओढणी अंथरली आणि वर काचेच्या बांगड्या रचल्या. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षे होती. आम्ही दारात आलो की बायकांची झुंबड उडे आणि मी फुगून जाई. हसीनाबी आधी हात चोळून सैल करी, मगच बांगडी सरकवी. ओढाताण केली की काच फुटून मनगटात शिरते, हे तिला ठाऊक होते.

एकदा आम्ही धुरपदाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या दिराचे लग्न होते. सगळ्यांचे हात भरून झाले, राहिली त्यांची सहा वर्षांची अयोध्या. तिने मूठ आवळली ती आवळलीच. आईला चावली. वर अशी लाथ झाडली की मी उपडी! वरच्या बांगड्यांचा चुरा झाला. मला हात असते तर मीच एक ठेवून दिली असती.

“लई माजलीय कार्टी! धरा गं हिला, दाबून भरा!” धुरपदाबाईंनी हात उगारला.

“मारू नका, बाई,” हसीनाबी म्हणाली. तिने आधी पोरीच्या पायाजवळच्या काचा वेचल्या. मग तिच्यासमोर मांडी घालून बसली. “न्हाय भरायच्या तर न्हाय, बेटा. पर भीती कशाची वाटती, सांगशील मला?”

पोरगी रडत राहिली, हसीनाबी बसून राहिली. अजून बरीच घरे व्हायची होती, पण तिने आवाज चढवला नाही. शेवटी हुंदक्यांतून शब्द आले.

“भरल्या की दगडानं फोडत्यात. आत्याच्या फोडल्या. रगत आलं.”

आत्या म्हणजे धुरपदाबाईंची नणंद लक्ष्मीबाई. नवरा गेल्यावर त्या नुकत्याच माहेरी आल्या होत्या. शुभकार्यात समोर नको म्हणून आतल्या दाराआड उभ्या होत्या. धुरपदाबाईंचा उगारलेला हात खाली आला.

“आदी आत्याला भर,” अयोध्या म्हणाली.

हसीनाबी यावरही चिडली नाही, की तिने खोटी समजूतही घातली नाही. “ते माझ्या हातात न्हाय, बेटा.”

धुरपदाबाई उठून आतल्या दारापाशी गेल्या. “वन्सं, भाईर या. तुमीच भरा हिला. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.”

लक्ष्मीबाई बाहेर आल्या. ओक्याबोक्या हातांनी त्यांनी उरलेल्यांतली एक छोटी बांगडी उचलली. अयोध्येने त्यांच्याकडे पाहिले आणि आपली मूठ आपणहून उघडली. मला फार भरून आले.

पुढे हसीनाबीची नजर गेली आणि माझे फिरणे थांबले. मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात एखादे लेकरू चावेल, लाथा झाडेल, तेव्हा त्याच्यासमोर घटकाभर शांत बसा. ते कशाला भ्यालेले आहे, ते तुम्हाला अजून कळलेले नसते.